मोठ्यात मोठे माप

‘दोन पिंपांत अनुक्रमे ३९१ लिटर आणि २९९ लिटर तेल आहे. दोन्ही पिंपांतले तेल नि:शेष मोजता येईल असे मोठ्यात मोठे माप किती लिटरचे?’ अशा धर्तीच्या उदाहरणांवर आमची पिढी वाढली. आमच्या घरी गोडेतेल बाटलीतून यायचे, तेही बाजाराच्या दिवशी. पुस्तकातली पिंपे मात्र भरलेली असायची. आमच्या घरांची जमीन शेणाने सारवलेली असायची. पुस्तकातल्या दालनाला मात्र चौरस फरशा बसवायच्या असायच्या. तरी आम्ही ती पिंपे मोजली, ती दालने फरशांनी भरली आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता. १ जुलै १९९८ ला त्याचा वेगळा जिल्हा झाला, तोवर आमची शाळा सुटून बरीच वर्षे लोटली होती.

असे मोठ्यात मोठे माप म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, मसावि. तो काढायच्या दोन रीती होत्या. अवयव पाडायची रीत लहान संख्यांसाठी आणि भागाकाराची रीत अडलेल्या संख्यांसाठी. ३९१ कडे पाहून कुणालाही अवयव सुचत नाहीत. दोनाने भाग जात नाही, तिनाने नाही, पाचाने, साताने, अकराने, तेराने नाही. सतरापर्यंत पोचण्याआधीच मूल कंटाळते. भागाकाराच्या रीतीत असे चाचपडावे लागत नसे. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचे, जी बाकी उरेल तिने मघाच्या भाजकाला भागायचे, पुन्हा जी उरेल तिने आधीच्या बाकीला. ३९१ मधून २९९ गेले, उरले ९२. २९९ मधून ९२ तीनदा गेले, उरले २३. ९२ मधून २३ चारदा गेले, उरले शून्य. माप २३ लिटरचे. हे गणित पाटीच्या डाव्या कोपऱ्यात सुरू व्हायचे आणि पायऱ्या उतरावे तसे उजवीकडे खाली खाली जायचे. संख्या मोठ्या असल्या की पाटी संपायची, मग वरचा भाग ओल्या फडक्याने पुसून, पाटी वाळेपर्यंत हवेत हलवून, उरलेल्या दोन पायऱ्या तिथे मांडायच्या.

उत्तर आले म्हणजे गणित संपले असे नव्हते. त्यानंतर ताळा करायचा. तेविसाला सतराने गुणून ३९१ येतात का, तेविसाला तेराने गुणून २९९ येतात का, आणि सतरा व तेरा यांना एकाखेरीज कोणता सामाईक विभाजक उरला आहे का, हे तीनही पाहायचे. तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण सापडलेले माप मोजायच्या कामाचे आहे एवढेच पहिल्या दोन पायऱ्या सांगतात; ते मोठ्यात मोठे आहे हे तिसरी सांगते. मग शेवटी ‘उत्तर’ असा शब्द लिहून, एकक लिहून, पूर्ण वाक्य. नुसते २३ लिहिले तर गुण जायचे. ‘मोठ्यात मोठे माप २३ लिटरचे आहे’ असे लिहिले की गुरुजी बरोबरची खूण करायचे. त्या पूर्ण वाक्याची सवय मला आजही मोलाची वाटते. आकडा कशाचा आहे हे त्यात आपल्या हाताने लिहावे लागायचे.

आज सहावीतल्या मुलाला हेच उदाहरण घातले तर फोन क्षणात २३ दाखवतो. पण फोनला पुढे करून आजच्या शाळेला नावे ठेवणे मला पटत नाही, कारण आजचे पुस्तक आमच्या पुस्तकापेक्षा चांगले आहे. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात आधी विभाज्यतेच्या कसोट्या येतात, मग मसाविचा आणि लसाविचा, म्हणजे लघुतम सामाईक विभाज्याचा, पाठ. सातवीत मूळ अवयवांतून तोच विषय पुन्हा उलगडतो. मूल आधी खेळून पाहते, मग नियमाला येते. आम्ही आधी नियम पाठ केला, आणि ‘का’ विचारायची सोय नव्हती. चुकीच्या बाकीबद्दल हातावर छडी बसायची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारणे बेकायदा ठरवले, आणि त्या एका कलमासाठी आजच्या वर्गाचे पारडे माझ्या मते जड होते. छडीच्या भीतीने शाळा सोडलेली मुले आमच्या प्रत्येक वर्गात होती. बालपणाच्या आठवणी लिहून ठेवायला ती मुले मागे राहिली नाहीत. आम्ही राहिलो, म्हणून त्या आठवणी इतक्या गोड वाटतात.

खरे सांगायचे तर आमच्यातल्या बऱ्याच जणांना उदाहरण समजायचे नाही, त्यातला शब्द तेवढा सापडायचा. ‘मोठ्यात मोठा’ दिसला की मसावि, ‘लहानात लहान’ किंवा ‘पुन्हा एकत्र केव्हा’ दिसले की लसावि. घंटा असल्या तर लसावि, पिंपे असली तर मसावि. आज नंदुरबार-शहाद्याच्या अभ्यासिकांमध्ये पोलीस भरतीची, तलाठी भरतीची तयारी करणारी मुले बसतात, त्यांच्या वह्यांत हीच युक्ती वेगळ्या वेषात दिसते. ‘४३, ९१ आणि १८३ या संख्यांना भागल्यास समान बाकी उरेल अशी मोठ्यात मोठी संख्या कोणती?’ तर वजाबाक्या करा: ४८, ९२, १४०, यांचा मसावि ४, पर्यायांत ४ ला गोल करा. या युक्तीत चूक काहीच नाही. दोन संख्यांना एकाच संख्येने भागून सारखीच बाकी उरत असेल तर त्यांच्या फरकाला तिने नि:शेष भाग जाणारच. पण घड्याळ लावून सोडवणाऱ्या मुलाला तिथे थांबून हे पाहायला वेळ नसतो, आणि छडीच्या धाकाने सोडवणाऱ्या आम्हालाही तो नव्हता.

एक गोष्ट आम्हाला शाळेत कुणी सांगितली असती तर फार बरे झाले असते. ज्या भागाकाराच्या रीतीने आमच्या पाट्या भरत होत्या, ती युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहून ठेवली होती, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीच्या कुट्टक प्रकरणात. दोन संख्यांना परस्परांनी भागत गेल्यावर शेवटी जी बाकी राहते तोच त्यांचा सामाईक विभाजक, त्याने दोघींना आधी लहान करून घ्यावे, मग पुढचे गणित करावे, असा त्या प्रकरणाचा आरंभ आहे. आणि भास्कराचार्यांचे नाव आपल्याच खानदेशाशी बांधलेले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांसमोर आणला. आम्ही ज्या खानदेशात पाट्या पुसत होतो तिथेच सातशे-आठशे वर्षांपूर्वी ही रीत शिकवण्यासाठी मठाची सोय झाली होती, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. आजचे मूल ते एखाद्या चित्रफितीत पाहते, शिक्षकही सांगतात. इथे जुने दिवस सरळसरळ उणे पडतात.

आमच्या आधीच्या पिढीचे हिशेब आणखी वेगळे. घरातली म्हातारी माणसे रुपयाचे आणे आणि आण्याच्या पै सांगायची. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. अंकलिपीत चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे संध्याकाळी दिव्याजवळ मोठ्याने म्हटले जायचे. १ एप्रिल १९५७ ला शंभर पैशांचा रुपया आला, १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने-मापे आली, आणि काही वर्षांत ते पाढे निकामी झाले. नवे हिशेब फार सोपे झाले, यात वाद नाही. दशांश चिन्ह सरकवले की काम होते. पूर्वी मण-शेर-छटाकांची वजाबाकी करताना दमछाक व्हायची.

पण जुन्या मापांत एक मोठी सोय होती, ती आम्हाला उशिरा कळली. १९२ ला १४ विभाजक आहेत, १०० ला ९. जुना रुपया तिघांत वाटला तर प्रत्येकाला पाच आणे चार पै, सहा जणांत वाटला तर दोन आणे आठ पै, आणि मागे काही उरत नसे. नवा रुपया तिघांत वाटला की एक पैसा कुणाच्या तरी वाट्याला जास्त जातो किंवा कुणाच्याच जात नाही. पाच जणांत मात्र नवा रुपया नीट वाटला जातो आणि जुना अडतो. एकूण पाहता जुनी मापे वाटणीसाठी घडली होती, नवी मापे मोजणीसाठी. आज तर २५ पैशांचे नाणेही गेले. ३० जून २०११ पासून ते चलनात नाही. आता हिशेब रुपयाला येऊन थांबतो, आणि वरचे पैसे कुणी मागत नाही.

वाटणी नीट व्हावी यासाठी मापे घडली होती खरी, पण मापे कुणाच्या हातात होती? सातपुड्यातून आमचूर, मोहाची फुले, चारोळी घेऊन धडगाव, मोलगी, तळोद्याच्या बाजारात उतरणाऱ्या माणसाच्या हातात ती नव्हती. पायली व्यापाऱ्याची, हिशेब व्यापाऱ्याचा, वही व्यापाऱ्याची. ‘मोठ्यात मोठे माप’ आम्ही वर्गात काढत होतो, आणि बाहेर घेताना मोठे माप व देताना छोटे माप हा व्यवहार चालू होता. शहाद्याच्या सपाटीवर किरकोळ कर्जापोटी आदिवासींच्या जमिनी गेल्या, आणि त्याच जमिनींवर ते सालदार म्हणून राबू लागले. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली ती याच प्रश्नांवर. अंबरसिंग महाराजांसारखे कार्यकर्ते गावोगाव फिरले, जमिनीचे आणि मजुरीचे हिशेब मांडू लागले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा. त्या काळाची आठवण काढताना दिव्याजवळच्या पाढ्यांचा सूर कानात येतो, आणि तो सूर येताच बाजारातली ती पायलीही आठवली पाहिजे. मला या दोन्ही आठवणी वेगळ्या ठेवता येत नाहीत.

आज बाजारात इलेक्ट्रॉनिक काटा असतो, आकडा दोन्ही बाजूंना दिसतो. नंदुरबार बाजार समितीत मिरचीचा हंगाम सुरू झाला की ओली लाल मिरची वजनकाट्यावरून जाते आणि शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळायला पसरली जाते. पथारीवर मजुरी करणाऱ्या बाईलाही आता काट्यावरचा आकडा वाचता येतो, किमान तिच्या मुलीला तरी येतोच. हा बदल आमच्या कोणत्याही गोड आठवणीपेक्षा मोठा आहे. पुस्तकी उदाहरण इथे लागू पडत नाही, हेही पाहिले पाहिजे. ८४, १२६ आणि १६८ किलोंचे मिरचीचे तीन ढीग न मिसळता समान वजनाच्या मोठ्यात मोठ्या पोत्यांत भरायचे तर मसावि ४२, पोती नऊ. पथारीवर असे कुणी करत नाही. पोत्यात जेवढी मावते तेवढी भरतात, शेवटचे पोते अर्धे राहते, त्यावर तसे लिहितात. फळबागेतही हेच. पुस्तकात दोन झाडांमधले अंतर मसावि ठरवतो, शेतात ते पीक ठरवते.

भाषेची अडचण याहून खोल होती. जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. घरी भिली, पावरी, मावची बोलणारे मूल पहिलीत यायचे, आणि फळ्यावर ‘नि:शेष’, ‘अनुक्रमे’, ‘दालन’ असे शब्द उतरायचे. गणिताआधीच मराठी आडवी यायची. मराठीत एकोणतीस, एकोणचाळीस, त्र्याहत्तर, त्र्याण्णव हे आकडे आमच्यासारख्यांना घरात ऐकून पाठ व्हायचे. त्या मुलाला ते एकेक करून कमवावे लागायचे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिली तेव्हा राज्यभर टीका झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे सांगितले होते: जोडाक्षरे आणि उलटे आकडे मुलांना अवघड जातात. पुण्या-मुंबईत बसून तो वाद वेगळा दिसत असेल. सातपुड्यातल्या अक्राणीच्या पाड्यावरून पाहिले तर ‘सत्तर तीन’ म्हणणाऱ्या मुलाला त्र्याहत्तरात किती दशक आहेत हे पहिल्यांदा ऐकू येते. माझे मत त्या रीतीच्या बाजूने आहे. आणि त्याच वेळी ‘त्र्याहत्तर’ हा उच्चार माझ्या नातवंडांच्या तोंडून गेला तर मला वाईट वाटेल, हेही खरे आहे.

नर्मदेच्या काठी १९९०च्या दशकाच्या आरंभी नर्मदा बचाव आंदोलनाच्या माणसांनी जीवनशाळा सुरू केल्या. चिमलखेडी, निमगव्हाणसारख्या गावांत मुले आपल्या बोलीतून शिकू लागली. तिथे उदाहरणातला डोंगर त्यांचा होता, नदी त्यांची होती, आणि बुडणारी जमीनही त्यांचीच. आमच्या पुस्तकातल्या दालनांशी आमचे जेवढे नाते होते त्याहून या मुलांचे त्यांच्या गणिताशी किती तरी जवळचे नाते जुळले.

आणखी एक उदाहरण प्रत्येक पुस्तकात असायचे. ‘एका शाळेत ४८ मुलगे व ३६ मुली आहेत. प्रत्येक रांगेत फक्त मुलगे किंवा फक्त मुली असतील आणि सर्व रांगा सारख्या असतील, तर एका रांगेत जास्तीत जास्त किती?’ उत्तर १२. पंधरा ऑगस्टला मैदानात रांगा करताना मात्र आमच्याकडे मुलींची एकच रांग व्हायची, तीही मुलग्यांच्या रांगेपेक्षा तोकडी. चौथीनंतर मुली शेळ्यांमागे, धाकट्या भावंडांमागे, निंदणीला जायच्या, आणि मग लग्नाला. पुस्तकातली शाळा आमची नव्हती. ती जी असायला हवी होती ती शाळा होती. आज त्याच मैदानात मुलींच्या रांगा मुलग्यांच्या बरोबरीने उभ्या राहतात, काही वर्षी जास्तच. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी होती, म्हणजे वाट अजून लांब आहे. पण ते उदाहरण आमच्या हयातीत खरे होताना आम्ही पाहिले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर खाऊ वाटला जायचा. पुस्तकात १४० गोळ्या आणि ८४ बिस्किटे असली तर २८ पुड्या होतात, प्रत्येकीत पाच गोळ्या आणि तीन बिस्किटे. शाळेत मात्र पुड्या किती करायच्या हे मुलांच्या संख्येवरून आधीच ठरलेले असायचे, आणि ती संख्या कधीच विभाजक निघायची नाही. गुरुजी टेबलावर ढीग मांडायचे, वरच्या वर्गातली मुले भोवती बसायची, एकेक फेरी वाटली जायची, आणि शेवटी ढिगात सात-आठ गोळ्या उरायच्या. त्या कडेवर बसून आलेल्या धाकट्या भावंडांना मिळायच्या, ज्यांची नावे हजेरीत नव्हती. पुस्तकात बाकी शून्य आणायची असते. त्या टेबलावर बाकी कुणाची हे ठरवायला सगळे मिळून बसायचे, आणि तो अर्धा तास मला त्या गोळ्यांपेक्षा जास्त आठवतो. आता खाऊ पाकीटबंद येतो, मुलागणिक एक पाकीट. स्वच्छ असतो, कुणाला कमी-जास्त होत नाही, भांडण होत नाही. भोवती बसायचेही कारण उरत नाही.

फरशांचे उदाहरण तर आता घराघरात आले आहे. घरकुलांच्या खोल्यांतही गुळगुळीत फरश्या बसल्या. १२ फूट बाय १० फूट खोलीला दोन फुटांची चौरस फरशी बरोबर बसते, सहा आणि पाचच्या रांगा, तीस नग, तुकडा नाही. पण ११ फूट बाय ९ फूट खोलीचा मसावि एक. पूर्वीचा गवंडी अशा वेळी मालकाला म्हणायचा, भिंत अर्धा हात सरकवू द्या. आजचा फरशीवाला कटर लावतो, भिंतीकडेची फरशी चिरतो आणि उरलेल्या पट्ट्या खालच्या कडेला लावून टाकतो. काम देखणे होते, भिंत हलवावी लागत नाही. माप घराच्या अंगाने आधी विचारात घ्यायची गरज मात्र संपली.

मसाविचा खरा उपयोग आमच्याकडे पिंपांत किंवा फरशांत कधीच नव्हता. तो सामाईक विहिरीत होता. दोन भावांच्या शेताच्या बांधावर एक विहीर, एकच मोट, पुढे एकच डिझेल इंजिन. थोरल्याची जमीन ३ एकर २० गुंठे, धाकट्याची २ एकर २५ गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून १४० गुंठे आणि १०५ गुंठे. जाणती माणसे पाटी घेत नसत. १४० मधून १०५ गेले, ३५ राहिले. १०५ मध्ये ३५ तीनदा. म्हणजे एकाचे चार वाटे, दुसऱ्याचे तीन. चार आणि तीन सात, आठवड्याचे वारही सात. चार दिवस थोरल्याच्या वावराला पाणी, तीन दिवस धाकट्याच्या. डिझेल, विहिरीचा गाळ, इंजिनाची दुरुस्ती, सगळे चार-तीन. असे बसलेले गणित कुणाला समजावून सांगावे लागत नसे. सोमवारी कुणाचे पाणी हे लहान पोरालाही माहीत असायचे.

यातही गोड तेवढे आठवते. पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटलेली आहेत, खटले धुळ्याच्या कोर्टात वर्षानुवर्षे चाललेले आहेत, आणि दारे धरायला रात्री सालदार उभा असायचा, मालक नव्हे. शिवाय त्या वाटणीत बहीण कुठेच नव्हती. आमच्या पुस्तकातही ‘एका शेतकऱ्याला तीन मुलगे होते’ असेच सुरू व्हायचे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि मग केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला, तेव्हा गणितातले वारस खऱ्या अर्थाने मोजले जाऊ लागले.

सातबारा आता हेक्टर आणि आरमध्ये असतो. १४० गुंठ्यांचे सुमारे १ हेक्टर ४२ आर झाले, १०५ गुंठ्यांचे १ हेक्टर ६ आर. १४२ आणि १०६ यांचा मसावि २, वाटे ७१ आणि ५३. चार आणि तीन कुठल्या कुठे गेले. जमीन तसूभर हलली नाही, मोजायची पट्टी बदलली, आणि वारांत बसणारी वाटणी कागदावरून पुसली गेली. तलाठ्याच्या दृष्टीने नवी पट्टी अचूक आहे, देशभर एक आहे, आणि ती असायलाच हवी. पण तिच्यातून पाण्याची पाळी कुणाला तोंडी काढता येणार नाही.

मधल्या काळात दोन्ही भाऊ गेले. थोरल्याला तीन मुलगे, दोन मुली. १४० गुंठ्यांचे पाच हिस्से, प्रत्येकी २८. धाकट्याला एक मुलगा, दोन मुली. १०५ चे तीन हिस्से, प्रत्येकी ३५. अठ्ठावीस आणि पस्तीस यांचा मसावि सात, म्हणून थोरल्याकडच्या प्रत्येकाचे चार वाटे, धाकट्याकडच्या प्रत्येकाचे पाच. एकूण पस्तीस वाटे. पाण्याचे सात दिवस यावर पसरले तर धाकट्याकडच्या प्रत्येकाला पूर्ण एक दिवस येतो आणि थोरल्याकडच्या प्रत्येकाला १९ तास १२ मिनिटे. कागदावर नि:शेष, पण शेतीपंपाला वीज येते ती ठरावीक तास, कधी दिवसा, कधी रात्री, आणि १२ मिनिटे कुणी धरून बसत नाही. बऱ्याच शेतांत आता स्वतःची कूपनलिका आणि ठिबक आहे, तिथे पाळीचा प्रश्नच मिटला. ही विहीर मात्र अजून सामाईक आहे.

परवा तिच्या मोटारीचे वाइंडिंग जळले. खर्च आला ६३०० रुपये. एका पुतणीने भ्रमणध्वनीवरच्या घरच्या गटात लिहून पाठवले: वाटे पस्तीस, एका वाट्याला १८० रुपये, चार वाट्यांचे ७२०, पाच वाट्यांचे ९००. थोरल्याकडचे पाच मिळून ३६००, धाकट्याकडचे तीन मिळून २७००. कुणी आक्षेप घेतला नाही. सुरतेत राहणाऱ्या बहिणीने, जिची जमीन आजवर भाऊच कसत आला, तिचे ७२० रुपये सगळ्यांत आधी पाठवले, आणि विचारले की येत्या फेब्रुवारीत तिच्या अठ्ठावीस गुंठ्यांत पपई लावायची म्हटली तर पाण्याचा वार कोणता मिळेल.